गायरानावर सौर प्रकल्प येतोय, ग्रामसभेच्या हातात नेमकं काय?

माळावरची

नमस्कार मंडळी. नगर जिल्ह्याच्या जिरायती पट्ट्यात आमचं गाव आहे. गावाला ४२ हेक्टर गायरान. गेल्या महिन्यात गाडीतून दोघं जण आले आणि माळावरच्या दगडांना चुना फासून गेले. चौकशी केली तेव्हा कळलं की मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत यातली १८ हेक्टर जागा सौर प्रकल्पाला चाललीये. वर आम्हालाच ऐकवलं, "तुमच्या ग्रामसभेचा ठराव झालाय की!"

कुठला ठराव? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी स्वतः होते. झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. घरकुलाची यादी आणि पाणीपट्टी, एवढंच बोलणं झालं आणि लोक उठले. मग ग्रामपंचायतीत जाऊन इतिवृत्ताची वही मागितली. तीन हेलपाटे घातल्यावर बघायला मिळाली. पहिले सहा ठराव निळ्या शाईत, ऐसपैस अक्षरात. सातवा 'ऐनवेळचा विषय', काळ्या शाईत, मुंगीसारख्या अक्षरात चार ओळी. जागा पुरली नाही म्हणून शेवटच्या ओळीचे उकार खालच्या सह्यांच्या डोक्यावर चढलेत. त्या सह्यांत माझीही सही आहे, हजेरी म्हणून केलेली. आणि सूचक म्हणून ज्यांचं नाव घातलंय ते आजोबा त्या दिवशी दवाखान्यात सलाईनवर होते.

माझा सौर ऊर्जेवर राग नाही. पण त्या १८ हेक्टरात आमच्या वाडीच्या शेळ्या चरतात, धनगरवस्तीची मेंढरं बसतात, पाझर तलावाकडे जायची वाट तिथूनच जाते. माझ्या घरात सात उस्मानाबादी शेळ्या आहेत. माझ्या नणंदेच्या पोरीचं नर्सिंगचं शिक्षण शेळ्यांवरच झालं. आम्हाला न विचारता हे कसं होतं? असा ठराव रद्द करता येतो का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

निवृत्त_मंडळ

ताई, महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. गायरान गावाच्या वापराचं असलं तरी मालकी सरकारची. सातबारावर बघा, कब्जेदार सदरी 'सरकार' आणि गायरानाचा शेरा असेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी ही जमीन राखून ठेवतात. म्हणजे जमीन देणारे तेच, वळवणारेही तेच. ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे विक्रीखत नव्हे. पण फाईलमध्ये तो लागतो, कारण 'गावाची हरकत नाही' हे त्याच कागदावर दाखवतात.

नंतर संहितेत कलम २२ अ आलं. गायरान दुसऱ्या कामाला वळवायचं नाही हा मूळ नियम. सार्वजनिक प्रकल्पासाठी अपवाद आहे, पण दुसरी योग्य सरकारी जागा मिळत नसेल तरच. तुमचा जोर तिथे लागायला हवा. दुसरी जागा शोधली होती का, कुणी शोधली, त्याचा अहवाल कुठाय, हे माहिती अधिकारात मागा. इतिवृत्ताची साक्षांकित प्रतही त्याच अर्जात मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि वहीच्या त्या पानाचा फोटो आजच्या आज काढून ठेवा.

रात्रपाळी

मी दुसरी बाजू मांडतो, कुणी रागवू नका.

आमच्या फीडरवर आठवड्यातले तीन-चार दिवस वीज रात्री असते. डिसेंबरात रात्री दोन वाजता गव्हाला पाणी द्यायला जातो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. आमच्याकडे बिबट्या आहे. गेल्या साली शेजारच्या वस्तीवरच्या मुलाला बारे देताना साप चावला. सौर प्रकल्प झाला की दिवसा आठ तास वीज मिळेल म्हणतात. ज्याने रात्री चिखलात उभं राहून पाणी धरलंय त्याला विचारा याची किंमत काय ते.

शिवाय ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं १५ लाख मिळायची तरतूद आहे योजनेत. आणि खरं बोलायचं तर बहुतेक गायरानांवर वेडी बाभूळ आणि दारूच्या बाटल्याच असतात. माळ मोकळा पडून राहण्यापेक्षा कामाला आला तर वाईट काय?

कुसळ

@रात्रपाळी दादा, दिवसा वीज आम्हालाही हवी. पण 'मोकळा पडलेला' हा शब्द कागदावरचा. पावसाळ्यात माळावर पवन्या, मारवेल हे गवत उभं राहतं, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पडतात. मार्च ते जून शेळ्या त्याच शेंगांवर जगतात. कडब्याची पेंढी विकत घेऊन शेळी पाळून बघा, हिशोब बसत नाही. ज्याच्याकडे शेत आहे त्याचं जनावर बांधावर चरतं. ज्याच्याकडे शेत नाही त्याचं कुठे चरणार?

आणि १५ लाखांचं म्हणाल तर ते तीन वर्षांत संपतात. प्रकल्पाला दिलेल्या जागेचा भाडेपट्टा पुढच्या पिढीपर्यंत चालतो.

आठवडेबाजार

ताई, पुढच्या ग्रामसभेला सातही शेळ्या घेऊन या. गणपूर्तीला हातभार लागेल :)

निवृत्त_मंडळ

गणपूर्तीचा विषय निघाला म्हणून सांगतो, हसण्यावारी नेऊ नका. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातले जे कमी असतील तेवढे लोक हजर लागतात. तेवढे नसले की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. दहा-बारा जण बसूनही ठराव मंजूर करू शकतात, कायदेशीर. ज्याला गायरान गुपचूप द्यायचंय तो पहिली सभा तहकूब व्हायचीच वाट बघत असतो. म्हणून दोन्ही सभांना जा. मोबाईलवर चित्रीकरण करा. आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, ती आपल्याकडे फक्त कागदावर होते. ती खरोखर भरवा.

मोहाचं_झाड

गडचिरोलीहून लिहितोय. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा ऐकून असाल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. वनहक्क कायदा २००६ खाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही गावांत. बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडून घ्यावा लागायचा. २०११ मध्ये परवान्याची पुस्तकंच ग्रामसभेच्या हातात आली.

पण लोक पुरस्काराच्या बातम्या वाचतात आणि त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं विसरतात. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने आधी अभ्यासगट बसवला. विषय समजून घ्यायचा, कायद्याचा कागद मोठ्याने वाचायचा, आणि निर्णय सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेला. बाहेरच्याला वाटतं यात वेळ जातो. वेळ जातोच. पण तिथे ठराव मागून कुणी घुसवू शकत नाही, कारण काय ठरलं ते प्रत्येक घराला तोंडपाठ असतं.

ताई, तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात नसावं. राज्यातल्या १३ जिल्ह्यांच्या आदिवासी भागात पेसा, म्हणजे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे. २०१४ च्या नियमांप्रमाणे तिथे पाड्याचीसुद्धा स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१३ मध्ये १२ ग्रामसभा घेतल्या, बाराही गावांनी खाणीला नाही म्हटलं. बिगर आदिवासी भागातल्या गायरानाला एवढं बळ नाही, हे दुखणं आहे. गाव तेच, माळ तोच, पण नाही म्हणायचा अधिकार जिल्ह्यागणिक बदलतो.

टेकडीवाला

आम्हा शहरवाल्यांना तर ग्रामसभाही नाही. पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायचा घाट घातला तेव्हा २०२३ च्या एप्रिलात लोक रस्त्यावर उतरले, मीही लेकीला खांद्यावर घेऊन गेलो होतो. पण आमची हरकत नोंदवायची कुठे? विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, एक महिना देतात. सुनावणीला गेलो तर दोन मिनिटं मिळाली, समोरचे साहेब मान खाली घालून कागद उलटत होते. माझ्या बोलण्यातलं एक वाक्यही कुणी लिहून घेतलं नाही.

शहरात क्षेत्र सभा व्हाव्यात म्हणून २००९ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. कोपऱ्यावरच्या मैदानाचं काय करायचं ते आजूबाजूच्या मतदारांनी बसून बोलावं, ही कल्पना. मी आजवर एकाही क्षेत्र सभेची नोटीस पाहिलेली नाही. तुमच्या हातात वही तरी आहे, ताई. आमच्याकडे वहीच नाही.

शेवटची_वस्ती

इतके प्रतिसाद वाचले. 'गाव', 'गावाचा निर्णय', 'गावाची जमीन'. आता माझं ऐका.

बीड जिल्हा. माझ्या आज्याने सत्तरच्या दशकात गायरानातली दीड एकर खडकाळ जमीन काढली. दगड वेचून बांध घातले, ते बांध अजून आहेत. आमच्या नावावर त्याआधी मातीचं ढेकूळही नव्हतं. १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले ते याच मागणीसाठी, की पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. मराठवाड्यात पुढे एकनाथ आवाडांनी हा लढा गावोगाव नेला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. आमची फाईल अजून फिरतेच आहे.

आमच्या गावच्या ग्रामसभेने दोनदा ठराव केलाय, गायरानावरची अतिक्रमणं काढा म्हणून. एकमताने. त्या 'एकमता'त आमची वस्ती नव्हती, कारण दवंडी आमच्याकडे आलीच नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात विषय आला, राज्यात सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणं असल्याचा आकडा सरकारने दिला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. माझी आई नोटिशीचा कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवून फिरत होती, पंधरा दिवस. वाचता येत नाही तिला. भेटेल त्याला काढून दाखवायची, "यात कधी म्हणलंय?"

तेव्हा गावाला अधिकार द्या म्हणताना गाव म्हणजे कोण हे आधी ठरवा. कलेक्टरने आमची जमीन काढली काय आणि ग्रामसभेने काढली काय, नांगर आमचाच थांबतो.

कुसळ

@शेवटची_वस्ती, हे वाचून गप्प बसले. आमच्याही गावात दवंडी वरच्या आळीतच फिरते. मी कधी त्याचा विचारच केला नव्हता.

निवृत्त_मंडळ

दादा, तुम्ही म्हणता ते मी नोकरीत डोळ्यांनी पाहिलंय. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला. पंजाबातल्या पतियाळा जिल्ह्यातल्या एका तळ्याच्या जमिनीचा खटला. गावची सामायिक जमीन बळकावलेली असेल तर काढून गावाला परत द्या, असं कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यातच हेही आहे की भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने पट्टे दिले असतील अशी प्रकरणं अपवाद म्हणून नियमित करता येतील. आपल्याकडे पहिला भाग सगळ्यांच्या तोंडी आहे, दुसरा कुणी वाचत नाही. तुमच्या फाईलला या निकालाची प्रत आणि १९९१ चा शासन निर्णय जोडलाय का? नसेल तर जोडा. सत्तरपासूनचे पीकपाहणीचे उतारे किंवा दंडाच्या पावत्या असतील तर त्या सोन्यासारख्या जपा. दंडाची पावती म्हणजे तुम्ही तिथे होतात याचा सरकारनेच दिलेला पुरावा.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे याचा वेगळाच नमुना आहे. कोमुनिदाद. पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची गावकारी पद्धत, गावची शेतं-डोंगर गावकऱ्यांच्या सामायिक मालकीचे. शेतं पावणीला, म्हणजे लिलावाने कसायला देत आणि आलेल्या पैशातून बांध, मानशी (पाणी अडवायची-सोडायची दारं), देऊळ चालवत. म्हणजे तुमच्या गायरानासारखी सरकारी मालकी नव्हे, थेट गावची. पण @शेवटची_वस्ती यांचा प्रश्न इथेही लागू पडतो. गावकार म्हणजे मूळ घराण्यांचे पुरुष वंशज. त्या शेतात पिढ्यानपिढ्या घाम गाळणाऱ्याला किंवा त्या घरच्या मुलीला सभेत जागा नाही.

ग्रामसभेचं बळ मात्र आम्ही पाहिलंय. प्रादेशिक आराखडा २०११ मध्ये डोंगर, शेतं, किनारे बांधकामाला खुले केले होते. लोक एवढे खवळले की २००७ च्या जानेवारीत सरकारला तो अख्खा आराखडा मागे घ्यावा लागला. पुढचा आराखडा करताना नकाशे गावोगाव लोकांपुढे ठेवले. माझे बाबा तेव्हा रविवारी ग्रामसभेला जाताना रंगीत पेन्सिली घेऊन जायचे. कुठे झर आहे, कुठे खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), कुठली पायवाट नकाशात दाखवलेलीच नाही, ते खुणा करून द्यायचे. नंतर कायद्यात एकेक कलम घालून भूखंडागणिक बदल सुरू झाले ती वेगळी कथा. पण ते नकाशे आमच्या कपाटात आहेत आणि आजही ग्रामसभेत भांडताना काढतो.

ताई, तुमच्याकडे गायरानाचा नकाशा आहे का? लोकांनी केलेला, सरकारी नव्हे.

जिरायत

मला थोडं कडू बोलायचंय. गाव जमिनीवर हक्क सांगतं तेव्हा त्या जमिनीची निगा कोण राखतं? माझ्या गावच्या गायरानात चार बड्या लोकांनी कांदाचाळी बांधल्या, एकाने विहीर पाडली. तेव्हा ग्रामसभेत कुणी तोंड उघडलं नाही. सौर प्रकल्प आला की सगळ्यांना गाय आठवते.

हिवरे बाजार तुमच्याच जिल्ह्यात आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा तिथला माळही उजाडच होता. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी गावाने स्वतःवर घालून घेतली. गुरं सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचं. आज त्या डोंगरावर परस्पर चुना मारून दाखवावा कुणी. कुणाची हिंमत होणार नाही, कारण ती जमीन पडीक आहे असं म्हणताच येत नाही.

माळावरची

@जिरायत दादा, तुमचं बोलणं लागलं, पण खरं आहे. आमच्या गायरानातही दोन कांदाचाळी आहेत, आणि एक माझ्या चुलत दिराची. मी आजवर बोलले नाही.

@मांडवीकाठ, नकाशा नव्हता. रविवारी केला. शाळेतल्या पोरांनी कार्डशीट जोडून दिली. धनगरवस्तीच्या म्हाताऱ्या मामांनी मेंढरं बसायच्या जागा दाखवल्या, बायकांनी सरपणाच्या. मला वाटायचं मला माळ पाठ आहे, पण उत्तरेच्या अंगाला ओढ्याच्या वर एक सहा-सात हेक्टरचा मुरमाड तुकडा आहे तिथे कुणाचंच काही चरत नाही, नुसती खडी. तो सबस्टेशनला जवळही आहे. हे मला तोवर माहीत नव्हतं.

@शेवटची_वस्ती, तुमचा प्रतिसाद मी महिलांच्या बैठकीत मोठ्याने वाचला. आमच्याकडे गायरानात अकरा घरं आहेत. त्यातल्या दोघी पहिल्यांदाच बैठकीला आल्या होत्या. त्यांना निरोप द्यायला मी स्वतः गेले.

रात्रपाळी

मुरमाड तुकड्यावर होत असेल तर माझी काही तक्रार नाही ताई. ढोबळ हिशोब सांगतो, एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. सहा-सात हेक्टरात तीन-साडेतीन मेगावॉट बसेल. तुमच्या गावच्या शेतीपंपांना त्यातलं किती लागतं ते उपकेंद्रातून काढा. गावच्या पंपांना पुरेल एवढा प्रकल्प गावात असावा, हे मी आमच्याकडेही मांडणार आहे. आजवर आम्ही 'हवा' की 'नको' एवढंच भांडलो, 'किती' हे कुणी विचारलंच नाही.

आठवडेबाजार

रंगीत पेन्सिलींचा भाव वाढणार आता बाजारात. पण खरंच छान चाललाय धागा.

थेम्सकाठ

मी लातूरचा, सध्या इंग्लंडात. इकडे एखाद्या मोकळ्या जागेवर आसपासचे लोक सलग वीस वर्षं, कुणाची परवानगी न मागता, उघडपणे खेळत-फिरत असतील तर ती जागा 'विलेज ग्रीन' म्हणून नोंदवता येते. मग तिथे बांधकाम जवळपास अशक्य. पुरावा म्हणून लोक जुने सहलीचे फोटो, क्रिकेटच्या गुणपत्रिका देतात. आपल्याकडे वीस काय, दोनशे वर्षं चरलेल्या गुरांची नोंद कुठेच नसते. तुमचा नकाशा तारीख आणि सह्यांसकट जपून ठेवा, वहिनी.

निवृत्त_मंडळ

अगदी बरोबर. आणि नकाशावर गट नंबर घाला. गट नंबर नसलेला नकाशा कचेरीत चित्र म्हणून बघतात.

माळावरची

काल विशेष ग्रामसभा झाली. आधी सरपंच तयार नव्हते, पण वहीच्या पानाचा फोटो लावून गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज दिल्यावर तारीख निघाली. दवंडी चारही वस्त्यांवर गेली, पोरं स्वतः हलगी घेऊन फिरली. १८७ जण आले. व्हरांडा पुरला नाही, पटांगणात बसलो.

सूचक म्हणून ज्यांचं नाव घातलं होतं ते आजोबा काठी टेकत आले आणि उभं राहून म्हणाले, "मी त्या दिवशी इथं नव्हतो. माझं नाव काढा." एवढंच बोलले आणि बसले. त्यानंतर जुन्या ठरावाच्या बाजूने कुणी बोललं नाही.

नवा ठराव असा: सातवा ठराव ग्रामसभेला मान्य नाही. उत्तरेच्या मुरमाड तुकड्याशिवाय गायरानातली जागा द्यायला हरकत आहे. तलावाची वाट मोकळी राहावी. अकरा घरांना हात लावू नये आणि त्यांच्या नियमितीकरणाचा प्रस्ताव ग्रामपंचायतीने पाठवावा. कांदाचाळी दिवाळीपर्यंत काढाव्यात. या शेवटच्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला, अर्धा तास. चुलत दीर माझ्याशी बोलत नाहीत सध्या. ठराव सभेतच लिहिला, मोठ्याने वाचला आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून मग सह्या घेतल्या. अकरा घरांतल्या एका मावशींचा अंगठा सगळ्यात वर आहे.

जिल्हाधिकारी कचेरीत प्रत दिली, पोच घेतली. त्यांचं उत्तर काय येतं त्यावर पुढचं. @निवृत्त_मंडळ काका, भूमी अभिलेखकडे गायरानाच्या हद्दीच्या मोजणीचा अर्ज करायचाय. ग्रामपंचायतीने करायचा का, की कुणीही करू शकतं? फी किती पडते? सोमवारी तालुक्याला जाणार आहे, त्याआधी सांगितलंत तर बरं होईल.